विणकाम आणि मनाची घालमेल

लोकरीच्या विणकामाला सामान थोडेच लागते: दोन सुया आणि एक सलग धागा. डाव्या सुईवर टाके घातलेले असतात. उजव्या सुईचे टोक पहिल्या टाक्यात शिरते, त्याच्याभोवती धागा फिरतो, नवा फास ओढून घेतला जातो आणि जुना टाका डाव्या सुईवरून उतरतो. धागा मागे ठेवून विणला तर सुलट टाका, पुढे घेऊन विणला तर उलट. मोजे, टोपडी, स्वेटर, शाल हे सगळे या दोन टाक्यांच्या हिशेबातून उभे राहते. मोठ्या माणसाच्या एका स्वेटरात असे हजारो टाके असतात आणि हाताने विणताना त्यातला एकही गाळता येत नाही. दुःख, धास्ती किंवा संताप यांनी मन भरून गेलेले असताना हेच संथ, एकसुरी काम कित्येकांना सावरते. विणणाऱ्यांना हे अनुभवाने पूर्वीपासून माहीत आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड रुग्णालयात काढलेल्या एका छायाचित्रात जखमी सैनिक खाटांवर पडल्या पडल्या विणताना दिसतात. विणल्याने मन का सावरते, याचा शोध मात्र संशोधकांनी बराच उशिरा घेतला.

भावना मोकळी करण्याबद्दल एक समजूत फार घट्ट आहे: आत कोंडलेले जोर लावून बाहेर काढले की मन हलके होते. म्हणून रागावलेल्या माणसाला उशी बडवायला सांगतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही समजूत तपासली. ६०० विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या निबंधांवर जहरी शेरे मारून त्यांना आधी चिडवण्यात आले. मग काहींनी शेरे मारणाऱ्याला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारले, काहींनी केवळ व्यायाम म्हणून मारले, तर काही नुसते बसून राहिले. चिडवणाऱ्याचा विचार करत ठोसे मारणारे सर्वांत जास्त संतापलेले राहिले आणि नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले. बुशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यातूनही हेच दिसले. शरीराची उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींनी राग उतरत नाही. श्वास, स्नायू, नाडी यांना संथ करणाऱ्या गोष्टींनी उतरतो. विणकाम मन मोकळे करते ते या दुसऱ्या वाटेने. भावनेला ते बाहेर फेकत नाही आणि दडपतही नाही. ती जवळ असताना माणसाला बसून राहता येईल, इतका आधार ते देते.

हा आधार मुख्यतः लक्षाच्या वाटणीतून येतो. अवघड भावनेचा त्रास एकदा होऊन संपत नाही, मन तेच ते उगाळत बसते. ‘मी असे का बोललो’, ‘तेव्हाच डॉक्टरकडे नेले असते तर’ असे प्रश्न फिरून फिरून येतात. या उगाळण्याने खिन्नता लांबते आणि खोल होते, हे मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी १९९०च्या दशकापासून सातत्याने दाखवून दिले. अशा वेळी दूरचित्रवाणी लावून फारसे साधत नाही, कारण डोळे पडद्यावर आणि मन आपल्या जागी, असे सहज होते. उलट हिशेबाचे किंवा वाचनाचे काम हाती घेतले तर तेवढी एकाग्रता अंगात उरलेलीच नसते. विणकाम या दोहोंच्या मधे आहे. हाताला सवय झालेली असते, पण ओळ मोजावी लागते, कडेचा टाका सांभाळावा लागतो, नक्षी असेल तर पुढच्या ओळीत काय येणार हे ध्यानात ठेवावे लागते. मनाचा निम्मा भाग असा गुंतला की उरलेला निम्मा दुःखाकडे जातो, पण त्यात बुडून जात नाही.

इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांना ही अर्धी गुंतलेली अवस्था जवळून ठाऊक होती. मानसिक आजाराने त्यांना आयुष्यभर छळले आणि त्या विणतही असत. त्यांची बहीण व्हनेसा बेल हिने १९१२च्या सुमारास काढलेले त्यांचे चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. त्यात वुल्फ आरामखुर्चीत बसून विणकाम करत आहेत. त्यांच्या ‘टू द लाइटहाउस’ (१९२७) या कादंबरीतील मिसेस रॅमसे दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलासाठी मोजा विणत असतात. हात चालू असतात आणि मन मुलांकडे, नवऱ्याकडे, मरणाकडे फिरून येते. विणताना मन कसे चालते याचे इतके बारकाईचे चित्रण एखाद्या शास्त्रीय निबंधातही क्वचितच सापडेल.

हाताच्या कामाचा त्रासदायक आठवणींशी काय संबंध असतो, याचा एक महत्त्वाचा धागा मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत मिळतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत लोकांना अपघातांची विदारक दृश्ये असलेली फीत दाखवली गेली. ती पाहताना काही जण बोटांनी कळांवर ठराविक नक्षीने टकटक करत होते. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मनात ती दृश्ये इतरांपेक्षा कमी वेळा आपोआप उमटली. तोंडाने उलटे आकडे मोजणाऱ्यांना मात्र ती जास्त वेळा आठवली. २००९ मध्ये होम्स यांनी ‘टेट्रिस’ हा ठोकळे जुळवण्याचा खेळ वापरून प्रयोग केला, तेव्हाही फीत पाहिल्यानंतर खेळणाऱ्यांना अशा आठवणी कमी आल्या. त्यांचे स्पष्टीकरण असे की डोळ्यांसमोर चित्र उभे राहायला मेंदूची जी जागा लागते, तीच जागा आकार आणि हालचाल सांभाळणारे काम अडवून ठेवते. या प्रयोगांत कोणी विणत नव्हते. तरी सुयांवरचे काम त्याच जातीचे आहे, कारण त्यात जागा, आकार आणि क्रम हातांनीच राखावा लागतो. शब्दांचा वाटा त्यात जवळजवळ नसतो.

शरीराकडूनही थोडी मदत होते. हार्वर्डमधील हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७०च्या दशकात असे मांडले की एखादा शब्द, प्रार्थना किंवा स्नायूंची हालचाल पुन्हा पुन्हा केली आणि मन भरकटले तर त्रागा न करता ते परत आणले, की श्वास आणि नाडी मंदावतात. विणताना हे वेगळे शिकवावे लागत नाही. मन भरकटते, टाका सुटतो, तो उचलण्यासाठी लक्ष परत येते. प्रिन्स्टन विद्यापीठाचे बॅरी जेकब्स यांना मांजरांच्या मेंदूत आढळले की चघळणे, चाटणे, चालणे अशा तालबद्ध हालचालींच्या वेळी मनःस्थितीशी संबंधित असलेले सेरोटोनिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी अधिक सक्रिय होतात. मांजरावरून माणसाच्या सुयांपर्यंत थेट उडी मारता येत नाही, पण ताल आणि मनःस्थिती यांचे नाते मेंदूत खोलवर असावे, असे त्यावरून दिसते.

खुद्द विणणाऱ्यांना विचारण्याचे काम इंग्लंडच्या बेटसन कॉर्कहिल यांनी केले. त्या मूळच्या फिजिओथेरपिस्ट. २००५ साली त्यांनी ‘स्टिचलिंक्स’ ही संस्था काढली. जिल रायली आणि क्लेअर मॉरिस यांच्याबरोबर त्यांनी केलेली पाहणी २०१३ मध्ये व्यवसायोपचाराच्या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जगभरातील ३,५४५ विणणाऱ्यांनी प्रश्नावली भरून दिली होती. जे जितके वारंवार विणत, तितके ते विणल्यानंतर शांत आणि आनंदी वाटल्याचे सांगत. हा पुरावा तोलून घ्यायला हवा. प्रश्नावली भरणारे सगळे विणण्याची आवड असलेलेच होते आणि शांत वाटले हे त्यांचेच सांगणे होते. ज्याला सुया हातात घेतल्यावर चिडचिड होते, तो माणूस या पाहणीत आलाच नसणार.

दुःखाच्या बाबतीत विणकाम काय करते, हे अमेरिकी कादंबरीकार ॲन हूड यांच्या आयुष्यातून फार स्पष्ट दिसते. २००२ च्या एप्रिलमध्ये त्यांची पाच वर्षांची मुलगी ग्रेस जिवाणूंच्या तीव्र संसर्गाने अचानक गेली. लेखन हा हूड यांचा व्यवसाय आणि वाचन हा त्यांचा विसावा. दोन्ही एकदम बंद पडले. ओळी डोळ्यांसमोरून जात, पण अर्थ लागत नसे. त्या काळात त्या विणायला शिकल्या. शब्द ज्या ठिकाणी पोचत नव्हते, तिथे हात पोचले. पुढे त्या पुन्हा लिहू लागल्या. ‘द निटिंग सर्कल’ (२००७) या कादंबरीत मूल गमावलेली एक आई विणणाऱ्या बायकांच्या गटात येते आणि तिथली प्रत्येक जण आपापले दुःख घेऊन आलेली असते. त्यानंतरच्या ‘कम्फर्ट’ (२००८) या पुस्तकात त्यांनी ग्रेसच्या जाण्याबद्दल थेट लिहिले. भाषा परत येईपर्यंतचा मधला काळ विणकामाने तोलून धरला, असे त्यांच्या या प्रवासाबद्दल म्हणता येईल.

शोकात आणखी एक गोष्ट अंगावर येते, ती म्हणजे वेळ. संध्याकाळ सरत नाही, रात्र तर त्याहून लांब. आजारी माणसाची शुश्रूषा संपल्यावर किंवा लेकराला सांभाळणारे हात एकाएकी रिकामे झाल्यावर त्या हातांचे काय करायचे हेच कळत नाही. विणकाम हातांना काम देते आणि सरलेल्या वेळाची मोजता येईल अशी खूणही देते: काल चार बोटे होते, आज वीतभर झाले. शिवाय विणलेल्या कापडाचा एक गुण शोकातल्या माणसाला विशेष जवळचा वाटतो. त्यात कुठेही कापाकापी नसते. सुई काढून धागा ओढला की सगळे उसवते आणि लोकर अखंड हाती येते. उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लड करून धुतली आणि वाळवली की ती पुन्हा सरळ होते. ज्याला आयुष्यात झालेले काहीच मागे घेता येत नाही, त्याला इथे निदान एक ओळ मागे घेता येते. काही जण शोकाच्या पहिल्या महिन्यांत विणतात, उसवतात, परत विणतात आणि वस्तू कधीच पुरी करत नाहीत. त्यात वाया काहीच जात नाही.

दुसऱ्याच्या दुःखासाठी विणण्याचीही प्रथा आहे. १९९८ साली अमेरिकेतील कनेटिकट राज्यात जॅनेट ब्रिस्टो आणि व्हिक्टोरिया गॅलो यांनी प्रार्थना-शालींचा उपक्रम सुरू केला. आजारी, शोकमग्न किंवा एकट्या पडलेल्या माणसासाठी प्रार्थना करत शाल विणायची आणि ती त्याच्या खांद्यावर घालायची, एवढाच तो उपक्रम. पुढे तो अनेक देशांतल्या चर्चमध्ये पोचला. समोरच्याला काय बोलून धीर द्यावा हे ज्यांना सुचत नाही, अशांची यामुळे सोय होते. विणणाऱ्याची हतबलता कामाला लागते आणि घेणाऱ्याला अंगावर पांघरायला काहीतरी मिळते.

धास्तीचे स्वरूप निराळे. तिथे अजून काही घडलेले नसते, पण घडेल या भीतीने जीव टांगणीला लागलेला असतो. अशा भीतीवरचा एक अभ्यास २००९ साली कॅनडातून प्रसिद्ध झाला. अन्न आणि वजन यांची पराकोटीची भीती असलेल्या ॲनोरेक्सिया या आजारासाठी दाखल झालेल्या ३८ स्त्रियांना विणायला शिकवले गेले आणि हवे तेवढे साहित्य दिले गेले. त्यांपैकी ७४ टक्के स्त्रियांनी सांगितले की विणताना भीतीचे आणि आजाराचे विचार सौम्य होतात. तितक्याच स्त्रियांना त्याने शांत वाटले आणि ५३ टक्क्यांना समाधान व अभिमान वाटला. गट लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तरीही, ज्या स्त्रियांचे चित्त अन्नाच्या विचारावरून क्षणभरही हटत नाही त्यांनी हे सांगावे, ही साधी गोष्ट नाही.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ च्या उन्हाळ्यात, पाण्यात सूर मारणारा ब्रिटिश खेळाडू टॉम डेली प्रेक्षकांत बसून विणताना साऱ्या जगाने पाहिला. सुवर्णपदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने त्यासाठी पिशवीही विणली होती. तो विणायला शिकला २०२०च्या टाळेबंदीच्या काळात. मिशेल ओबामा यांनीही त्याच वर्षी सुया हातात घेतल्या; महासाथ आणि अमेरिकेतील घटनांनी आलेल्या खिन्नतेबद्दल आणि विणकामाने दिलेल्या आधाराबद्दल त्यांनी ‘द लाइट वुई कॅरी’ (२०२२) या पुस्तकात लिहिले आहे. जे आवाक्याबाहेरचे आहे त्यापुढे मन थकते, तेव्हा आवाक्यात मावणारे छोटे काम हाती घ्यावे, असा त्यांच्या सांगण्याचा रोख आहे. प्रेक्षागृह असो वा रुग्णालयातला बाकडा, वाट पाहण्याच्या वेळी हातात दुसरे फारसे काही धरता येत नाही. पिशवीत मावणारे विणकाम तिथे चालते.

राग आणि विणकाम यांचे नाते जास्त गुंतागुंतीचे आहे. रागात विणले तर टाके आवळले जातात, सुई त्यांत शिरेनाशी होते आणि त्या ओळी नंतर कापडात वेगळ्या ओळखू येतात. विणणाऱ्याला आपला राग असा बोटांना लागतो आणि धागा सैल सोडण्यासाठी हात सैल सोडावाच लागतो. पण विणकामाने राग निवतोच असे नाही, तो जपलाही जातो. चार्ल्स डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ (१८५९) मधील मादाम दफार्ज फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ज्यांना मारायचे त्यांची नावे विणकामातल्या खुणांत नोंदवते. तिच्या सुया थंडपणे चालतात आणि सूड टाक्याटाक्याने वाढतो.

या दोहोंच्या मधे एक तिसरी वाट आहे, रागाला आकार देण्याची. नाझी जर्मनीने व्यापलेल्या नॉर्वेत लोक निषेध म्हणून लाल विणलेल्या टोप्या घालू लागले. जर्मन अधिकाऱ्यांना त्या इतक्या खुपल्या की १९४२च्या फेब्रुवारीत त्यांवर बंदी आली. २००६ साली डेन्मार्कच्या कलाकार मारियाने योर्गनसेन यांनी कोपनहेगनमध्ये दुसऱ्या महायुद्धातील एक रणगाडा गुलाबी विणकामाने झाकला. इराक युद्धातील डेन्मार्कच्या सहभागाचा तो निषेध होता आणि त्यासाठी अनेक देशांतल्या लोकांनी चार हजारांहून अधिक चौकोन विणून पाठवले होते. रोजच्या वैतागालाही असा आकार मिळतो. म्युनिकजवळ रोज रेल्वेने कामाला जाणाऱ्या एका बाईने २०१८ मध्ये वर्षभर गाडीच्या उशिराचा गळपट्टा विणला. उशीर पाच मिनिटांच्या आत असेल तर राखाडी ओळी, अर्ध्या तासापर्यंत गुलाबी, त्याहून जास्त असेल किंवा जातायेता दोन्ही वेळा गाडी रखडली तर लाल. लिलावात त्याला ७,५५० युरो आले आणि ते धर्मादायाला गेले. मनःस्थितीप्रमाणे रोज एका रंगाची ओळ विणण्याचा प्रकारही याच जातीचा आहे. त्यात भावनेला नाव देऊन रोज थोडा वेळ तिच्यासमोर बसावे लागते.

एकट्याने विणण्यात जे मिळते त्यापेक्षा वेगळे काही चारचौघांत मिळते. समोरासमोर बसून मनातले बोलणे अनेकांना जमत नाही, समोरच्याची नजर जड होते. विणताना सगळ्यांच्या नजरा खाली असतात, शांतता पडली तरी ती अवघडत नाही आणि एखादे अवघड वाक्य बोलून झाल्यावर पुन्हा टाक्याकडे वळता येते. अंगापुढे चालणारे हात आपल्याभोवती सुरक्षित अंतर राखतात, असे कॉर्कहिल यांचेही निरीक्षण आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात जेसप येथील पुरुषांच्या तुरुंगात २००९ पासून ‘निटिंग बिहाइंड बार्स’ नावाचा वर्ग चालला. आधी कैद्यांनी हसण्यावारी नेलेला हा वर्ग पुढे त्यांना हवाहवासा झाला. तिथे त्यांनी मुलांसाठी टोप्या आणि बाहुल्या विणल्या.

हात गुंतले की जीभ मोकळी होते, याची महाराष्ट्राला स्वतःची साक्ष आहे. पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांनी सासुरवास, माहेरची ओढ, लेकराचे मरण, नवऱ्याचा मार हे सगळे ओव्यांत सांगितले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून केलेल्या कामात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. जात्याचे काम अंगमेहनतीचे आणि विणकाम बैठे, जात्यावर गाणे आणि सुयांवर बहुधा कुजबुज, हा फरक आहेच. पण ज्या गोष्टी घरात कोणाला सांगायची सोय नव्हती त्या तालाच्या सोबतीने उच्चारता आल्या, हे दोन्हीकडे सारखे आहे.

नव्याने सुरू करणाऱ्याने मोठी वस्तू हाती घेऊ नये. आपल्याकडे ८ नंबरची म्हणून मिळणारी सुई ४ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर मध्यम जाडीची, फिक्या आणि एकाच रंगाची लोकर चांगली चालते. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाके दिसत नाहीत आणि त्रास वाढतो. तीसेक टाके घालून सगळ्या ओळी सुलट विणाव्यात, गळपट्टा तयार होतो. सवय झाल्यावर मनःस्थिती पाहून काम निवडता येते. शोकाच्या थकव्यात साधे सुलट टाकेच झेपतात. डोक्यात विचारांचा गोंगाट असेल तेव्हा मात्र साधे काम अपुरे पडते, हात आपोआप चालतात आणि मन पुन्हा उगाळू लागते. तेव्हा मोजावी लागणारी जाळीची किंवा वेणीची वीण बरी. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून मनगटे, अंगठे आणि खांदे सैल करावेत. सलग तासन्‌तास विणल्याने त्यांना इजा होऊ शकते.

कोणी दिवसभर विणत राहून जेवण, झोप आणि माणसे टाळू लागले, तर ते काम भावनेजवळ नेत नसून तिच्यापासून पळवते आहे. नैराश्य, चिंताविकार, आघातानंतरचे विकार यांवर विणकाम हा उपचार नाही. औषधे आणि समुपदेशन यांच्या जोडीला ते चालते, त्यांच्या जागी नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास विनाशुल्क आणि मराठीतूनही बोलता येते.